डाव्या खांबाआड

लखनऊ,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सरू,

तुम्ही दोघं सांगलीत बरे असाल असं धरून लिहायला बसले आहे. दिवाळीनंतर तुझा फोन आला नाही, मीही केला नाही, तेव्हा त्या बाबतीत आपली फिट्टंफाट.

सकाळी शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालताना एकदम बाबांची ती आर्मीची वन-टन गाडी आठवली. छावनीतून शाळेत जाताना आपण दोघी मागे, समोरासमोरच्या फळ्यांवर. बाजूचा कॅनव्हास वर गुंडाळलेला. तुझ्या रिबिनी रोज सुटायच्या आणि मी तोंडात पिना धरून त्या बांधायची. मग आपला खेळ. डावीकडचं तू सांगायचं, उजवीकडचं मी. "सायकल." "दोन सायकली." "धोबी." "कर्नलीणबाईंचा कुत्रा." आपली बाजू सोडून दुसरीकडे बघायचं नाही हा नियम तूच केला होतास. एकदा मी तो मोडला म्हणून शाळेच्या फाटकापर्यंत माझ्याशी बोलली नव्हतीस. त्या दिवसांत काही घडलं नाही. म्हणूनच बहुतेक ते इतके स्वच्छ दिसतात.

सिस्टर बर्नडेट शिकवायच्या ते आठवतं का? पत्रात आधी ख्यालीखुशाली, मग बातमी, मग विनंती. मी त्याच क्रमाने लिहिणार आहे. शेवटचं पान आधी उलटून बघू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

तर ख्यालीखुशाली. नर्सरी बरी चालली आहे. सरोजिनी नगरात आता इतक्या सोसायट्या झाल्यात की प्रत्येक बाल्कनीला चार कुंड्या लागतात. सदाशिव अजून माझ्याकडेच आहे, पन्नाशी उलटली तरी उकिडवा बसून दिवसभर पॅन्सीची रोपं लावतो. अनघा इथेच छावनीत आहे, जावयांची बदली पुढच्या जूनपर्यंत नाही. आर्या सात वर्षांची झाली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. परवा म्हणाली, "आजी, मुझे वो गोल वाली पोळी दो." चौकोनी पोळी तिला कुणी दाखवली देव जाणे.

आता बातमी.

तुला आमचा 'पिकअप परिवार' माहीत आहे. दिवाळीला तू हसलीसही, मधूताई टेम्पोवाल्यांच्या कळपात बसते म्हणून. भास्कर गेल्यावर त्याची 'शिखर' पिकअप मी विकली नाही, स्वतः चालवायला लागले, आणि एकदा कानपूर रोडवर तिचा पट्टा तुटला तेव्हा या मंडळींपैकी गजेंद्र थांबला. मलिहाबादला त्याच्या आंब्याच्या बागा आहेत. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्याने मला ग्रुपमध्ये घातलं. आम्ही बत्तीस जण. रविवारी सकाळी कानपूर रोडवरच्या एका ढाब्यामागच्या मैदानात गाड्या लावून चहा पितो आणि गाड्यांबद्दल असं बोलतो जसं बायका सुनांबद्दल बोलतात.

यंदा 'शिखर'चं नवं रूप आलं. सोळा वर्षांनी कंपनीने ती नखशिखान्त बदलली. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर महाभारत. गजेंद्रने पुढची ती मोठी चमकती जाळी बघून लिहिलं, "गाड़ी है कि दूल्हा? सेहरा बाँध के आ गई है." हौदा चार इंचांनी आखूड केला, म्हणजे आंब्याच्या पेट्यांची एक रांग गेली, यावर तो तीन दिवस रुसून होता. बटणं काढून सगळं पडद्यावर आणलं, त्यावर निम्मे खूश, निम्मे म्हणाले की मातीच्या हातांनी पडदा कोण पुसत बसणार. नवीनच्या बाजूने सर्वांत ठाम होती रुचा. ही नाशिकची, हजरतगंजच्या एका बँकेत अधिकारी आहे, चौतीसची असेल, सुट्टीत एकटी डोंगरात गाडी घेऊन जाते. ती मला म्हणाली, "काकू, एकदा बसून तर बघा. जुनीतून उतरल्यावर कंबर धरता तुम्ही. हिच्यातून नाचत उतराल."

म्हणून दोन तारखेच्या रविवारी शोरूमवाल्यांनी गाडी मैदानात आणली आणि आम्ही पाळीपाळीने चालवली. माझ्या शेजारी रुचा बसली.

पाठीला खरंच बरं वाटलं. पण गाडी सारखी टुंटुं करत होती. डाव्या अंगाला काही जवळ आलं की वाजणारी घंटी आहे तिच्यात. डावीकडे काही नव्हतं आणि ती वाजत होती. मी म्हटलं, "ही काय भुतं बघते का?" रुचा मान वळवून डावीकडे बघत राहिली. एका वळणावर तर तिने स्टिअरिंगला हात घातला. एक म्हातारा सायकल घेऊन पायी चालला होता, अगदी बॉनेटच्या कोपऱ्याशी. मला तो दिसलाच नव्हता. मी थांबले, काचेकडे बघितलं, आणि लगेच कळलं काय झालं ते. पुढच्या काचेच्या डाव्या कडेचा खांब. नव्या गाडीत तो चांगला जाड केला आहे, त्यात अपघातात उघडणारा फुगा भरलेला असतो म्हणे, आणि आरसाही त्याला खेटून. माणूस त्याच्या आड गेला होता.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं. मला ग्रुपमध्ये मान आहे सरू, मी कमी लिहिते म्हणून असेल. लिहिलं की जाळी, पडदा, हौदा ही आवडनिवड झाली, पण डाव्या खांबाआड अख्खा माणूस जातो, आणि घंटी नुसती वाजते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी ही गाडी घेऊ नये.

मग जे सुरू झालं ते विचारू नकोस. जुनीवाल्यांना हत्यार मिळालं. "दीदी ने कह दिया तो कह दिया." नवीनवाले म्हणाले आम्हाला तर दिसतंय. दोघांनी बुकिंग रद्द केली. शोरूमच्या माणसाचा फोन आला, बिचारा फार अदबीने बोलला, "मैडम, आप जैसे कस्टमर की बात हम ऊपर तक पहुँचाएँगे." मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. या वयात माझं म्हणणं कुठे वरपर्यंत पोचतं?

उरलेलं उद्या लिहीन. आता सहा वाजले, थेंब घालायचे आहेत.

मंगळवार, सकाळ

काल शेवटी थेंब म्हणाले आणि तू तिथे थांबली असशील. सांगते.

ग्रुपमधल्या भांडणाचा निकाल लावायला गजेंद्रने नऊ तारखेला चुन्याची परीक्षा ठेवली. ही आमच्यातली जुनी रीत आहे. एकाने गाडीत बसायचं, मान हलवायची नाही. दुसऱ्याने लाल बादली घेऊन बाहेर गाडीभोवती अर्धगोल चालायचं. बसलेल्याला बादली दिसेनाशी झाली की त्याने हात वर करायचा, दिसली की खाली. जमिनीवर तिथे तिथे चुन्याने रेघ मारायची. दोन रेघांमधली पावलं मोजली की आंधळी जागा किती ते कळतं.

गजेंद्र बसला. दोन पावलं. रुचा बसली. दोन पावलं आणि वर थोडं. एक सरदारजी आहेत, चांगले रुंद, त्यांचीही अडीच. मग मी बसले.

मी हात वर केला. वर ठेवला. बादलीवाला चालत राहिला आणि मी वाट बघत राहिले, बादली खांबाच्या पलीकडून कधी निघते ती. मला वाटलं तो थांबून कुणाशी बोलतोय. शेवटी दाराच्या मुठीजवळून आवाज आला, "दीदी, हाथ नीचे नहीं करेंगी?"

अकरा पावलं.

सगळे हसले, जरा अडखळत. कुणी म्हणालं दीदींची उंची कमी. सीट वर केली, माझी उशी आणून घातली. दहा पावलं. तेव्हा गजेंद्र कमरेवर हात ठेवून गरजला, "देख लिया? कंपनी वालों ने छह फुट के आदमी को बिठा के गाड़ी बनाई. औरत का सोचा ही नहीं." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. किती पटकन पटलं, सरू.

फक्त रुचा माझ्या रेघांपाशी वाकून बसली होती. ती उठली आणि माझी शेवटची चुन्याची रेघ कुणी फोटो काढायच्या आत चपलेने पुसून टाकली. नंतर माझ्याबरोबर माझ्या गाडीपर्यंत आली. म्हणाली, "काकू, डोळे कधी तपासले होते?"

मी म्हटलं, "जूनमध्ये नवा चष्मा केलाय. शेवटची ओळ वाचते मी, सगळ्यात बारीक."

"चष्म्याच्या दुकानात ना?"

"मग काय फुलाच्या दुकानात?"

ती हसली नाही. माझ्या मागे मागे तिची गाडी घेऊन घरापर्यंत आली, हॉर्न न वाजवता, आणि फाटकातूनच परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवच्या हातात मी नर्सरीची बादली दिली आणि भास्करच्या जुन्या गाडीत जाऊन बसले. तुला या गाडीचा खांब आठवत नसेल. बोटभर आहे. कुठलाच फुगाबिगा नाही त्यात. मी म्हटलं, चल. सदाशिव चालला. मी समोर बघत होते. समोर पेरूचं झाड, त्याची पानं मोजता येतील इतकी स्पष्ट. बादली झाडाच्या डाव्या बाजूला गेली आणि संपली. ती कशाच्या आड गेली नाही. काळं काही दिसलं नाही, धूसर काही दिसलं नाही. तिथे भिंत होती, कुंड्या होत्या, सगळं नेहमीसारखं, आणि सदाशिव नव्हता.

मी हाक मारली. "सदाशिव, कुठे आहेस?"

तो म्हणाला, "यहीं तो हूँ, माताजी."

मी दचकले. तो इतका जवळ होता म्हणून नाही. 'यहीं तो' हे दोन शब्द मी आधी ऐकले होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीचा शनिवार. शनिवारी आर्याला शाळेतून मी आणते. आणायची. फाटकाशी गाडी लावून मी वाट बघत होते, मुलं येत होती, आर्या दिसेना. मागचा रिक्षावाला ओरडायला लागला म्हणून मी गाडी पुढे घेतली. तेवढ्यात डाव्या दारावर पाण्याची बाटली आपटली कुणीतरी, दोनदा, जोरात. दाराच्या मुठीला धरून आर्या होती. गाडीबरोबर तीन-चार पावलं पळाली होती. आत बसल्यावर म्हणाली, "आजी, मैं यहीं तो थी." आणि मी तिला रागावले. रस्त्यात बघून चालता येत नाही का, म्हणून. ती घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मी अनघाला सांगितलं नाही. विसरलेही होते. नाही, विसरले नव्हते. बाजूला ठेवलं होतं.

तेरा तारखेला रुचाने सुट्टी काढली आणि मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. एका अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसवतात, एक डोळा झाकतात, हातात एक बटण देतात. समोरच्या पांढऱ्या वाटीत कुठेतरी ठिपका चमकला की दाबायचं. सुरुवातीला दाबलं, पाचसहा वेळा. मग बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं वीज गेली. मी म्हटलं, "भैया, तुमचं मशीन बंद पडलंय." मराठीतच म्हटलं, घाबरल्यावर माझं हिंदी जातं. त्याला 'मशीन' आणि 'बंद' कळलं असावं. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "माताजी, मशीन चल रही है."

सरू, त्या खोलीत मी घाबरले तशी भास्करच्या आजारपणातही घाबरले नव्हते. ठिपके येत होते. मशीनच्या मोटारीचा बारीक आवाज येत होता, एकामागून एक. प्रत्येक आवाजाला एक ठिपका, आणि मी बटणावर अंगठा ठेवून बसले होते.

काचबिंदू. इथे काला मोतिया म्हणतात. डाव्या डोळ्यात मधला थोडा भाग उरला आहे. उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली आहे, म्हणजे डावीकडचं दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. डॉक्टरीणबाई लहान वयाच्या होत्या, कागद माझ्याकडे फिरवून दाखवला. काळे चौकोन. म्हणाल्या, मधली नजर चांगली असते म्हणून माणसाला कळत नाही, जिथे दिसत नाही तिथे मेंदू शेजारचं चित्र ओढून घेतो. जे गेलं ते परत येणार नाही, थेंबांनी उरलेलं राखायचं. मी विचारलं, गाडी? त्या म्हणाल्या, "गाड़ी नहीं." आणि लिहिता लिहिता विचारलं, "भाई-बहन?"

मी म्हटलं, एक बहीण.

"उनको आज ही फ़ोन कीजिए. सगे भाई-बहन में बहुत चलता है."

आज पंचवीस तारीख आहे. बारा दिवस झाले. रोज फोन हातात घेतला आणि ठेवला. का ठेवला ते आता लिहिते. हे तुला फोनवर सांगता आलं नसतं.

१९९६चा मे. आई जाऊन दोन वर्षं झालेली, बाबा आमच्याकडे. तू मुलांना घेऊन सुट्टीला आलीस आणि चार दिवसांत जे बघितलंस ते मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. बाबा चौकटीला खांदा आपटतात. वाढलेल्या ताटातली डावीकडची चटणी तशीच राहते. तू म्हणालीस, "ताई, बाबांना दिसत नाहीये." मी म्हणाले, तू वर्षातून एकदा येतेस आणि त्यांना म्हातारं करून जातेस. तू स्कूटरची किल्ली लपवलीस. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, नुसते बसून राहिले, आणि मला ते बघवेना. मी पिठाच्या डब्यात हात घातला, किल्ली काढली, पुसली, आणि त्यांच्या हातात ठेवली. तू ओट्याशी उभी होतीस. एक शब्द बोलली नाहीस.

त्याच आठवड्यात त्यांनी त्या माळीबुवांना उडवलं. डावीकडून येत होते, सायकलवर. बाबा म्हणत राहिले, "तो आकाशातून पडला." माळीबुवा त्यानंतर कायम लंगडत चालले. मी त्यांना छावनीच्या रस्त्यावर कितीतरी वर्षं बघत होते. आणि बाबांनी त्यानंतर स्कूटर मागितली नाही, वर्तमानपत्र मागितलं नाही, काहीच मागितलं नाही. वय झालं, असं आपण म्हणालो. त्यांचे डोळ्यांचे कागद कुणी नीट वाचलेसुद्धा नाहीत.

तू कधी बोलून दाखवलं नाहीस. एकदाही. त्यानंतर आपल्यात दिवाळीचा फोन उरला आणि वाढदिवसाचा. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं असं मला एकोणतीस वर्षं वाटत आलं आहे.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तू परत गेल्यावर मी सुताराला बोलावून बाबांच्या खोलीची चौकट अर्धा इंच तासून घेतली होती. बाबा म्हणायचे ना, की चौकट अरुंद केली आहे. तासल्यावरही ते आपटतच राहिले.

आणि यंदा दिवाळीला तू फोनवर हसत हसत काय म्हणालीस? नव्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारचं कपाट त्या माणसाने चुकीचं बसवलंय, रोज डाव्या खांद्याला कोपरा लागतो, निळं झालंय, सुताराला बोलावणार आहे.

सरू, सुताराला बोलावू नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चष्म्याच्या दुकानात जाऊन शेवटची ओळ वाचू नकोस, ती मीही वाचत होते. फील्डची, म्हणजे बाजूच्या नजरेची, तपासणी म्हणून सांग, लक्ष्मीकांतरावांना बरोबर घेऊन जा. तुझं काही नसेलही. कपाट खरंच चुकीचं बसवलं असेल. मी दिवसातून दहा वेळा स्वतःला हेच सांगते आणि दहाही वेळा मला भीती वाटते. हे पत्र हातात असेल तेव्हा दवाखाने उघडे असतील, चप्पल घाल.

ही माझी पहिली विनंती. दुसरी आहे, ती सांगायला जास्त लाज वाटते.

अनघाला मी चौदा तारखेला सगळं सांगितलं. तिने गाडीची किल्ली मागितली, मी शहाण्यासारखी दिली. तिने विचारलं, "दुसरी?" मी म्हटलं, "ती बाबांच्या वेळीच हरवली." बाबा म्हणजे तिचे, भास्कर. इतक्या शांतपणे म्हटलं की सिस्टर बर्नडेटनेसुद्धा विश्वास ठेवला असता. दुसरी किल्ली माझ्या शालींच्या घडीत होती. आपल्या बाबांच्या स्कूटरच्या पितळी कडीत अडकवलेली. त्याच.

परवाच्या शनिवारी पहाटे धुकं होतं. मी ती घेऊन निघाले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. गाडी चालू होते का ते बघायचं होतं, असं मी फाटक उघडताना स्वतःला सांगितलं. कानपूर रोडच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. सगळा मिळून दोन किलोमीटरचा रस्ता. हळू चालवली. आत आले, इंजिन बंद केलं आणि मनात म्हणाले, बघ, काही झालं नाही.

मग उतरून गाडीच्या त्या बाजूला गेले. डावा आरसा आत दुमडलेला होता. त्याच्या कडेला लोकरीचे दोन-तीन धागे अडकले होते, विटकरी रंगाचे.

मी तशीच चालत निघाले. रस्त्याच्या एका कडेने गेले, दुसऱ्या कडेने आले. मान पूर्ण डावीकडे वळवून, एकेक झुडूप बघत. गटारात वाकून बघितलं. नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं, इथे कुणी पडलं का, कुणाला काही लागलं का. तो म्हणाला, "नहीं माताजी, यहाँ तो कुछ नहीं हुआ. आप बैठ जाइए." पुन्हा एकदा तो सगळा रस्ता चालले. कुणी नव्हतं. आमच्या फाटकाशी सदाशिवची बायको शाल वाळत घालते, तिचा धागा असेल. आरसा फाटकाला लागून दुमडला असेल. सदाशिवच्या बायकोची शाल हिरवी आहे.

काही झालं नाही हे मी कुणाच्या भरवशावर म्हणाले होते? उजवीकडे काही झालं नाही, एवढंच मी सांगू शकते. शनिवारपासून फाटक वाजलं की मी आधी येणाऱ्याच्या अंगावरच्या लोकरीचा रंग बघते. आज चार दिवस त्याबद्दल विचारत कुणी आलेलं नाही. ते धागे मी कागदात गुंडाळून ठेवले आहेत. आज संध्याकाळी अनघाला सगळं सांगताना तिच्यासमोर ठेवणार आहे, आणि तिला घेऊन चौकीवर विचारायला जाणार आहे, त्या पहाटे काही नोंद आहे का म्हणून. बाबांसारखं आकाशाकडे बोट दाखवायचं नाही, एवढं ठरवलं आहे.

आता कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे माझं मन फिरलं तरी तुझ्याकडे कागद राहील.

गाडी गजेंद्रला. तो कधीचा म्हणतोय, "दीदी, जिस दिन मन भरे, पहला फ़ोन मुझे." घरचं लग्न उरकून तो जानेवारीत नेईल, तोवर ती इथेच अंगणात उभी राहणार आहे. अनघाकडची किल्ली तेव्हा त्याला मिळेल. पुढे त्याने सेहरा लावू नये एवढी माझी अट आहे.

हौद्यावरची ताडपत्री सदाशिवला. थंडीत रोपांवर घालायला तो दरवर्षी मागतो आणि मी दरवर्षी नाही म्हणते.

माझी सीटवरची उशी आर्याला. जेवणाच्या टेबलाशी तिला लागतेच. ती देताना मी तिला सांगणार आहे की तू तिथेच होतीस, आजीचं चुकलं. हे मराठीतून सांगेन, तिला कळतं.

चुन्याची पिशवी आणि एक चिठ्ठी रुचाला. चिठ्ठीत लिहिलं आहे की गाडीचा खांब ठीक आहे, घंटीही खरं बोलत होती, चूक मधुमतीच्या डोळ्यांची होती, आणि ज्यांनी बुकिंग रद्द केली त्यांची मी माफी मागते. तिने ती ग्रुपवर टाकावी, आणि रविवारी बत्तीसही जणांना एकदा बादलीपुढे बसवावं, प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या जुन्या गाडीत.

आणि तुला किल्ली. पाकिटाच्या तळाशी कापसात गुंडाळली आहे, कडीसकट. अनघाला दिली तर मी आठ दिवसांत तिच्याकडून काढून घेईन. माझा एक सुस्कारा पुरतो तिला. मला बाबांचा पुरला होता. तूच एक आहेस जी द्रवत नाही. ती लपव. पिठाच्या डब्यात नको, तिथे मी पहिल्यांदा बघेन. मी फोन केला, रडले, जेवण सोडलं म्हणून कळवलं, तरी देऊ नकोस. त्या दिवशी ओट्याशी गप्प उभी राहिलीस तशी राहू नकोस. या वेळी ओरड.

तपासणी झाली की एका ओळीचं पत्र टाक. मी ते उजवीकडे धरून वाचीन.

तुझी, समोरच्या फळीवरची,
मधूताई